एकाच ढगाखाली दोन धंदे

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"सप्रेम नमस्कार. मी भांडुपला राहते, नोकरी करते. कर्जत तालुक्यात सासरची अडीच एकर भातशेती आहे, बांधावर आंब्याची झाडं आहेत. शेती मोठे दीर आणि जाऊबाई बघतात. मिस्टरांनी नोकरी सोडून तिथे चार खोल्या बांधल्या आणि मुंबईच्या लोकांसाठी कृषी पर्यटन सुरू केलं. वाटलं होतं, शेतीला जोड मिळेल. 2025 साली सगळंच बिनसलं. मे महिन्यात पाऊस आला, काजवे बघायला येणाऱ्यांची बुकिंगं गेली, उरलेला आंबा गेला. पावसाळ्यात कधी अलर्ट, कधी धबधब्यावर बंदी. दर शुक्रवारी पैसे परत मागणारे फोन. ऑक्टोबरात कापलेलं भात भिजलं. आता मिस्टर म्हणतात, पोहण्याचा तलाव आणि रेन डान्स काढू, म्हणजे पावसावर अवलंबून राहायला नको. त्यासाठी माझे दागिने गहाण ठेवायचे. दीर म्हणतात, जमीन विकून मोकळे होऊ, सेकंड होमवाले भाव देतायत. मी कोणाच्या बाजूने उभी राहू?"

ताई, नमस्कार.

दागिने गहाण ठेवू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. जमिनीचा निर्णयही इतक्यात नको. वाईट वर्षानंतर विकायला काढलेल्या जमिनीचा भाव घेणारा ठरवतो, आणि तुमचं भात भिजल्याची खबर दलालांना तुमच्या नातेवाइकांच्या आधी लागलेली असते.

आता मूळ दुखण्याकडे येते. जोडधंद्याने हात द्यायचा तो मूळ धंदा बसतो त्या दिवशी. गोठ्यात म्हैस असली की भात गेलं तरी डेअरीचं बिल येतं. तुमच्याकडे भाताला नडतो तोच पाऊस पाहुण्यांनाही नडतो, आणि त्याच आठवड्यात नडतो. मे मध्ये आंबा आणि काजवे एकदम गेले. ऑक्टोबरात कापणी गेली, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत "शेतावरचा अनुभव" घ्यायला येणारेही गेले असणार. चिखलात कोण अनुभव घेणार? त्यामुळे मला मिस्टरांच्या किंवा दिरांच्या बाजूने उभं राहावंसं वाटत नाही. दोन्ही मिळकती एकाच दिवशी बुडू नयेत, एवढं आधी बघू.

पाऊस लहरी झालाय, हे तुम्हाला सांगायला नको, पण आकडे समोर ठेवा. मुंबईत मान्सून पोहोचण्याची सरासरी तारीख 11 जून. 2023 मध्ये तो आला 25 जूनला. 2025 मध्ये 26 मेला. दोन वर्षांच्या आत बरोबर महिनाभराचा फरक! मृगाच्या भरवशावर राब भाजायचा, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा, धूळवाफेवर म्हणजे कोरड्या मातीतच पेरायचं, हा हिशोब दिरांनी वडिलांकडून घेतला. मिस्टरांचं काजव्यांचं पॅकेजही त्याच हिशोबावर छापलेलं: मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला पंधरवडा. काजवे निघतात पहिल्या वळवाच्या सरींनंतर आणि झड लागली की संपतात. पाऊसच मे मध्ये ठाण मांडून बसला तर पॅकेजचं काय होणार, आणि भिजून गच्च झालेल्या वाफ्यात धूळवाफेची पेरणी कशी होणार?

हे असंच चालणार, असं धरून चला. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवून दिलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतोय, पश्चिमेचे वारे वाढीव बाष्प घेऊन येतात आणि ते भस्सकन रितं होतं. मधले दिवस कोरडे. वर्षाची सरासरी बघून आपण म्हणतो, "पाऊस बरा झाला की!" आणि खाचरात मात्र आठवडाभर भेगा, मग दोन दिवस बांध फुटेस्तोवर पाणी.

रेन डान्सचं बोलायलाच हवं. जुलै महिन्यात, कर्जतला, बोअरचं पाणी वर चढवून माणसांवर पाऊस पाडायचा! बरं, उन्हाळ्यासाठी म्हणावं तर एप्रिल-मे मध्ये त्याच तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांना टँकरने पाणी जातं. तुमचा तलाव कशाने भरणार? शिवाय कर्जत-खोपोलीच्या पट्ट्यात तलाव असलेले रिसॉर्ट रग्गड आहेत. त्यांच्याकडे डीजे आहे, बुफे आहे. तुमच्या चार खोल्या त्या शर्यतीत उतरल्या की मार खाणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कर्जाचा हप्ता. तो ठरल्या तारखेला येतो, हवामान बघून येत नाही. लहरी मिळकतीवर ठरलेला हप्ता लादला की माणूस रेड अलर्टमध्येही पाहुणे घ्यायला लागतो. मला भीती आहे ती याची.

खर्च करायचाच असेल तर एका गोष्टीवर करा: पत्र्याची मोठी, उंच जोत्याची पडवी. चार खोल्यांच्या पुढे, तिन्ही बाजूंनी उघडी, मधे मधे उजेडाचे पत्रे, जमीन कोब्याची. जुलैमध्ये पाऊस कोसळत असला की पाहुणे तिथे बसतील, जेवतील, जात्यावर तांदळाचं पीठ काढून बघतील, पोरं दंगा करतील. ऑक्टोबरात तिथेच भाताचे भारे येतील. त्या दिवसांत पाहुण्यांना जागा कमी पडेल, तर पडू द्या.

हे एवढ्या अट्टहासाने का सांगते? कापून शेतात कडपा, म्हणजे मुठीमुठीने आडव्या, पसरलेल्या भातावर दोन दिवस पाऊस पडला की काय होतं, ते कधी दिरांसोबत वाकून बघा. वरून लोंबी पिवळीधमकच दिसते. हातात घेऊन उलटी केलीत की खालच्या बाजूच्या दाण्यांचं टरफल टोकाशी उकललेलं, त्यातून पांढरा, केसाएवढा मोड बाहेर आलेला. तो दाणा गिरणीत तुकडा होतो. पेंढा काळा पडतो, वास मारतो, गवळी घेत नाही. वर्षभराची मेहनत लोंबीत तयार झालेली असते आणि शेवटच्या अठ्ठेचाळीस तासांत जाते, फक्त डोक्यावर छप्पर नाही म्हणून. तलावाच्या खर्चाच्या मानाने पडवी कितीतरी स्वस्त पडेल, आणि दिरांनाही त्या खर्चात स्वतःचं काहीतरी दिसेल.

भाताच्या वाणाबद्दल मी मुंबईत बसून दिरांना शिकवणं शोभायचं नाही. एवढंच सुचवते की सगळं एकाच मुदतीचं लावू नये. हळवं भात ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापणीला येतं आणि परतीच्या पावसात नेमकं सापडतं. गरवं उशिरा येतं, पण मधे उघडीप पडली तर पाण्याला तरसतं. कुठे काय हे जमीनच ठरवते, माळाच्या वरकस, हलक्या तुकड्यात गरवं कसं लावणार? पण खोलगट खाचरांत निवड आहे. कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक संशोधन केंद्र कर्जतलाच आहे. कर्जत-3, कर्जत-7 हे वाण तिथलेच. दिरांनी तिकडे एक चक्कर टाकावी. मे मध्ये वाफे भिजले तर मोड आलेलं बियाणं चिखलावर फेकायची रहू पद्धत वापरता येते, तेही तिथे विचारावं. हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. कापणीच्या दिवसांत तो बघूनच विळा हातात घ्यायचा. दोन-तीन दिवस कोरडे दिसत नसतील तर उभं पीक आडव्या कडप्यापेक्षा बरं.

आता ते शुक्रवारचे फोन. तुमच्या मिस्टरांची चूक अशी की पाऊस आला की काय करायचं हे ते पाऊस आल्यावर ठरवतात, पाहुण्याशी फोनवर घासाघीस करून. नियम बुकिंगच्या वेळीच लिहून पाठवायचा. मराठीत, चार ओळींत. नमुना देते, हवा तसा बदला:

"आगाऊ रक्कम फक्त एक चतुर्थांश. रायगड जिल्ह्यासाठी हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर आम्हीच बुकिंग रद्द करू आणि पूर्ण पैसे देऊ. ऑरेंज असेल तर तारीख वर्षभरात कधीही बदलून मिळेल. यलो असेल तर आम्ही वाट बघतोय, रेनकोट आणा. ओढ्यावर आणि धबधब्यावर आम्ही नेत नाही."

यातला "रायगड" शब्द महत्त्वाचा. लोक टीव्हीवर "मुंबईला ऑरेंज" ऐकतात आणि कर्जतचं रद्द करतात. किंवा दादरला ऊन बघून निघतात आणि इकडे माथेरानच्या डोंगरावर ढग फुटल्यासारखा कोसळत असतो. 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर गेला की खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं, 204.4 च्या पुढचा सगळ्यात वरचा वर्ग. पण हे आकडे दिवसाचे. ओढा फुगतो तो तासाभरात, आणि तोही वर डोंगरात पडलेल्या पावसाने. तुमच्या अंगणात तेव्हा रिमझिम सुद्धा नसेल. त्यासाठी तीन तासांचा तातडीचा इशारा बघायचा, जिल्हानिहाय येतो. विजेसाठी आयआयटीएमचंच "दामिनी" ॲप आहे. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडायला लागलं की खाचरातून सगळ्यांना आत घ्यायचं, फोटो राहिले तरी चालतील.

शेवटच्या ओळीवर, धबधब्याच्या, मिस्टर कुरकुर करतील. "लोक त्याच्यासाठीच तर येतात!" येतात, खरंय. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब बघता बघता वाहून गेलं, तेही सहलीलाच आलेलं. जिल्हा प्रशासनाच्या बंदीचे आदेश पावसाळ्यात निघतात, कधी आठवड्यासाठी, कधी पूर्ण हंगामासाठी. ज्या गोष्टीला उद्या सकाळी कुलूप लागू शकतं ती तुमच्या जाहिरातीच्या पहिल्या फोटोत नसावी. फोटो बदला, निम्मे फोन कमी होतील.

आणि परतीचा विचार. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीचं पाणी बदलापूर-वांगणीच्या मधे रुळांवर आलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये हजारावर प्रवासी अडकले. तुमचे पाहुणे त्याच रुळांवरून घरी जातात. पावसाळ्यात दोन जेवणांचा शिधा जास्तीचा ठेवा आणि अडकलेल्या पाहुण्याकडून त्या रात्रीचं भाडं घेऊ नका. जेवणाचे पैसे घ्या, ते द्यायला कोणी नाही म्हणत नाही.

उन्हाळ्याचंही तेच. रायगडातल्याच भिऱ्याला मार्च 2017 मध्ये 46.5 अंश नोंदले गेले होते. दुपारी बाराला पाहुण्यांना बांधावर फिरवायचे दिवस गेले. चारनंतर या, सकाळी नवाच्या आत शेत बघा, बस्स.

आता थोडं अवघड बोलते. तुमचं मूळ पत्र बरंच मोठं होतं, इथे छापताना कापलं. त्यात जाऊबाईंचा उल्लेख तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा त्या चुलीपाशी आहेत. शनिवारी पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या त्या थापतात. तांदूळ दिरांच्या कणगीतला, भाजी त्यांच्या परसातली. याचे पैसे कोण देतं, किती देतं, त्याबद्दल अवाक्षर नाही. माझा अंदाज चुकीचा असेल तर सोडून द्या, पण दीर जमीन विकायला निघालेत ते फक्त पावसामुळे नसावं. भात भिजलं तर नुकसान त्यांचं एकट्याचं, पाहुणे आले तर कमाई धाकट्या भावाची, आणि आपली बायको दोन्हीकडे राबणार. मीही विकायलाच काढली असती!

तुम्ही नोकरी करता, म्हणजे पगार मिळणं म्हणजे काय ते घरात तुम्हालाच सगळ्यात नीट कळतं. दोन वह्या घाला, शेतीची वेगळी, खोल्यांची वेगळी. खोल्यांच्या वहीतून तांदूळ, भाजी, अंडी बाजारभावाने, त्याच दिवशी विकत घ्यायची. जाऊबाईंची मजुरी माणशी ठरवायची आणि त्यांच्याच खात्यात टाकायची. मग वर्षअखेर खरं चित्र दिसेल. कदाचित खोल्या तोट्यात आहेत आणि आजवर कणगी त्यांना पोसत होती, असंही निघेल. ते कळलेलं बरं.

आणि पाहुणे येऊ शकत नाहीत त्या शनिवारी माल मुंबईला येऊ शकतो. तुमचं खरं काम मला इथे दिसतं, भांडुपच्या टोकाला. पहिल्या पावसात शेवळं निघतात, पाठोपाठ टाकळा, कुर्डू, भारंगी. या भाज्या आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका गोळा करतात. त्यांना रास्त भाव देऊन, निवडून, शेवळांबरोबर त्यांची खाज मारायला काकडं, ती आंबट रानफळं, घालून पुड्या बांधल्या तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासात संपतील. आजवर येऊन गेलेल्या पाहुण्यांचे नंबर तुमच्याकडे आहेतच. हातसडीचा तांदूळ, कडवे वाल, आंबोशी. पाच-पाच किलोची वर्षाची मागणी आधीच नोंदवून घ्या. रेल्वे चालू असेल तोवर हा पैसा येतो, अलर्टचा रंग काही का असेना.

आणखी एक गोष्ट, हंगाम हलवा. तुमची निम्मीअधिक कमाई जून ते ऑगस्टमध्ये असेल, म्हणजे सगळ्यात बेभरवशाच्या महिन्यांत. डिसेंबर ते फेब्रुवारी तुम्ही रिकामे का? पोपटीसारखी गोष्ट दारात असताना! मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा-मीठ, बटाटे, अंडी, वर पुन्हा पाला, मडकं उपडं घालून भोवती जाळ. मुंबईकर त्यासाठी थंडीत रात्रीचा येईल आणि मुक्काम करेल. ना धबधबा, ना बंदी. इथेही हवामान डोकावतंच: ऑक्टोबर लांबला की खाचरं ओली राहतात, वाल उशिरा पेरला जातो आणि शेंगा पुढे सरकतात. म्हणून पोपटीची तारीख नाताळला बांधून विकू नका. दिरांनी शेंग दाबून बघितली, दाणा भरला म्हणाले, की मग ग्रुपवर तारखा टाका.

विमा आणि सरकारी मदत हा विषय कंटाळवाणा आहे, पण तोच तुमच्या पत्रात अजिबात नाही. एक रुपयातला पीकविमा 2025 च्या खरिपात बंद झाला. आता भातासाठी विमा रकमेच्या जास्तीत जास्त दोन टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा असतो. 2026 च्या खरिपापासून भात पाण्याखाली जाण्याचं नुकसान पुन्हा विम्यात घेत असल्याचं केंद्र सरकारने जाहीर केलंय, तेव्हा यंदा तो भरावा असं माझं मत. आपत्तीची सरकारी मदत वेगळी. तिच्यासाठी 33 टक्के तरी नुकसान पंचनाम्यात दिसावं लागतं. भिजलेल्या कडप्याचे फोटो उचलण्याआधी काढायचे, नंतर नाही. पर्यटनाच्या बाजूने, राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे. मिस्टरांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केलीय का, हे विचारा. पडवीसाठी थोडं कर्ज लागलंच तर बँकेत ते नोंदणीपत्र घेऊन जाता येईल, तुमचं मंगळसूत्र घेऊन नको.

आणि दिरांच्या फोनमध्ये ई-पीक पाहणीचं ॲप नसेल तर पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तुम्हीच घालून द्या आणि एकदा त्यांच्यासोबत खाचरात उभं राहून नोंद करून दाखवा. सातबारावर पिकाची नोंद नसली की बाकी सगळं बरोबर असूनही कागद तिथेच अडतो.